तेल किती खाते?

"शिर्के, हा दिवा विझला नाही तर निखिल माझी गाडी विकणार," मुळे काका म्हणाले आणि चावी माझ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसले.

दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा पिवळा चेक इंजिन लाइट. काका ग्वाल्हेरच्या थाटीपुरचे, सिंचन विभागातून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले. निखिल त्यांचा मुलगा, नोएडाला असतो. त्याचं म्हणणं, या वयात बाबांनी ऑटोने फिरावं. काकांचं म्हणणं, ऑटोवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. काकू गेल्यापासून सकाळची भाजी, संध्याकाळचं मुरारमधलं भजन, मित्रांकडे चक्कर, सगळं त्या गाडीच्या जिवावर चाललं होतं. निखिलने रविवारी गिऱ्हाईक बोलावलं होतं. त्याआधी गाडी ठणठणीत झाली तर विषय बंद, असं बापलेकांत ठरलं होतं.

इथेच शिंदे की छावणीत माझं वर्कशॉप आहे. त्याआधी बरीच वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये डायग्नोसिस करत होतो. म्हणजे आजार ओळखायचा. पाने फिरवायला दुसरी माणसं.

स्कॅनर लावला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आला. हा कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या आधी बसवलेला एक डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर किमती धातूंचा मुलामा. इंजिनातला विषारी धूर तिच्यातून गेला की बराचसा निवळतो. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पहिल्याचा आलेख सतत वरखाली नाचतो, दुसऱ्याचा जवळजवळ सरळ चालतो. दुसराही नाचायला लागला तर समजावं, डब्याने काम सोडलं.

काकांच्या गाडीत दोघेही जोडीने नाचत होते.

"पण डबा तर नवा आहे," काका म्हणाले. "पावसाळ्यानंतरच बदलवला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलं, हाच खराब आहे. काही दिवस ठीक राहिलं, मग दिवा पुन्हा हजर."

इथेच गोम असते. डबा आपल्या मरणाने क्वचित मरतो. त्याला कुणीतरी मारतं. मारणारा मोकळा सोडून नवा डबा बसवणं म्हणजे चोर घरात ठेवून कुलूप बदलणं.

मी एकेक संशयित धरला. पाइपात कुठे गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरून सेन्सरला चकवते. धूर सोडून पाहिला, गळती नाही. प्लग नीट पेटत नसेल तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं आणि जाळी वितळवतं. प्लग, कॉइल, सगळं चोख. राहिला तिसरा. इंजिन आतल्या आत ऑइल जाळत असेल तर त्याची काजळी त्या जाळीवर बसते.

डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत, जिथे हवं तिथे. तरी नियमाप्रमाणे विचारलं. गिऱ्हाईक मराठी असलं की मी हट्टाने मराठीतच बोलतो. दिवसभर हिंदीत घसा कोरडा केल्यावर तेवढीच चैन.

"काका, तेल किती खाते?"

"तेल? काही जास्त नाही हो. हायवेवर तर अजूनच कमी. त्या बाबतीत मी एकदम खूश आहे."

तिसरा संशयितही सुटला. मी गाडी ठेवून घेतली आणि शुक्रवारचा अख्खा दिवस वायरिंगमध्ये डोकं घालून बसलो. हाती भोपळा.

शनिवारी काकांबरोबर निखिलही आला. मुलगा सभ्य, पण घाईतला.

"अंकल, मला खरं सांगा, ये ठीक होगी भी या नहीं? त्या पार्टीला मला आज कळवायचं आहे."

डबाच हलक्या दर्जाचा असावा, असं काहीतरी मी पुटपुटलो. काकांचा चेहरा एकदम उतरला. चावी उचलून म्हणाले, "बरं, आपण दोघं बोला. गाडी द्यायचीच तर रिकामी कशी द्यायची? मी चौकातून तेल टाकवून आणतो."

"चौकातून? तिथे ऑइलचं दुकान कुठे आहे?"

"दुकान कशाला? पेट्रोल पंप आहे की!"

मी उभाच राहिलो. ग्वाल्हेरात जन्म गेला माझा. इथे गाडीत तेल टाकायचं म्हणजे पेट्रोल टाकायचं, हे लहान पोरालाही ठाऊक. हिंदीत विचारलं असतं तर मी 'इंजन ऑइल' असंच म्हणालो असतो. मराठीच्या चैनीत 'तेल' म्हणून बसलो आणि काकांनी मराठीतूनच मला हिंदी उत्तर दिलं.

"काका, इंजिन ऑइल किती लागतं?"

"ते होय! त्याचा कॅन तर डिकीतच राहतो. दर पंधरा दिवसांनी टाकतो, लेव्हल कधी कमी होऊ देत नाही. आपण ऑइलचं विचारलंच कुठे?"

मला हसू आवरेना. निखिलला वाटलं, अंकल गेले कामातून.

मग काम सरळ होतं. इंजिनातली वाफ पुन्हा जाळायला पाठवणारी एक छोटी झडप असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह. ती उघडीच अडकली होती आणि वाफेबरोबर ऑइलही ओढत होती. जुना डबा वर्षानुवर्षं ते ऑइल पिऊन मेला. नवाही त्याच वाटेवर होता आणि धूर गिळून आपल्याला काही दिसू देत नव्हता. झडप बदलली. आता प्रश्न एकच, नव्या डब्यावर नुसती काजळी आहे की आतला मुलामाच मेला आहे? काजळी असेल तर डबा चांगला तापवल्यावर जळून जाते.

"झांसी रोडला घ्या," मी म्हणालो. "काका चालवतील. मला स्कॅनर बघायचा आहे."

निखिल मागे बसला, वरचं हँडल गच्च धरून. काकांनी मी सांगितल्याप्रमाणे गाडी चौथ्या गियरवर ताणली. पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली चुकीच्या बाजूने सरळ अंगावर आली. काकांनी आरसा पाहिला, वेग उतरवला, गाडी बाजूला घेतली, ट्रॉली जाऊ दिली आणि पुन्हा वेग धरला. ना हॉर्न, ना शिवी. मी असतो तर दोन्ही झालं असतं.

परतताना दुसऱ्या सेन्सरचा नाच मंदावत गेला. वाटेतल्या पुलापाशी त्याची रेघ सरळ झाली आणि वर्कशॉपपर्यंत सरळच राहिली. मी कोड पुसला. दिवा विझला. मला इतका आनंद झाला की मी स्कॅनरलाच शाबासकी दिली.

"पुन्हा नाही ना लागणार?" निखिलने विचारलं.

"महिन्याने तपासू. पण मारणारा सापडला आहे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं.

"नहीं भाई साहब, गाड़ी नहीं बेचनी," निखिल म्हणाला. मग काकांकडे बघून, "नहीं, खड़ी नहीं रहेगी। पापा चलाते हैं।"

काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. बराच वेळ बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

महिन्याने तपासली, दिवा नाही. तेव्हापासून मी तेलाचा प्रश्न कुठल्याच भाषेत विचारत नाही. बॉनेट उघडतो, ऑइलच्या झाकणावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे किती ओतता?"