जैनथच्या आभाळातला चुकीचा ध्रुव

प्रवासाचा ब्लॉग लिहिणाऱ्या बाईने असं सांगू नये, पण मला प्रवासाची धास्ती वाटते. गॅस बंद केला का, इथून सुरुवात होते आणि बस नदीवर आली की पूल किती जुना असेल इथपर्यंत मजल जाते. तरीही नोव्हेंबरच्या शेवटी मी एकटीच नागपूरहून आदिलाबाद जिल्ह्यात जाऊन आले. कारणं दोन होती. एक आभाळात होतं आणि दुसरं जैनथजवळच्या एका गावात, माझ्या मावशीच्या घरी.

आभाळातलं आधी सांगते. वृषपर्वा नावाच्या तारकासमूहात, ध्रुवापासून फार लांब नाही असा, एक नारिंगी तारा आहे. साध्या डोळ्यांना दिसतो. शास्त्रज्ञ त्याला उपराक्षसी तारा म्हणतात, म्हणजे गाभ्यातलं इंधन संपत आलेला आणि आता हळूहळू फुगायला लागलेला. तरुण नाही, म्हातारा म्हणावा तर तसाही नाही. पन्नाशीत वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही. या ताऱ्याभोवती गुरूपेक्षा भारी असा एक ग्रह फिरतो. तो ग्रह दुर्बिणीतून दिसत नाही. पण फिरता फिरता तो ताऱ्याला किंचित ओढतो, तारा किंचित हलतो, आणि त्या हलण्यावरून तो कळला. माझ्या गच्चीवरून नागपूरच्या उजेडात हा तारा धड सापडत नाही, म्हणून काळोख्या गावातून त्याला बघायचं बरेच दिवस मनात होतं.

दुसरं कारण म्हणजे गजूचा फोन. गजू हा मावशीचा मुलगा. मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यातली बायपासची तारीख दिली होती आणि उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. काका तयार होते. मावशी त्यांना पाठवायला तयार नव्हती आणि का ते सांगतही नव्हती. "ताई, तू येऊन पाह्य," गजू म्हणाला. "माय आमचं कोणाचंच ऐकून नाई राह्यली."

म्हणून मी दुर्बीण उचलली आणि निघाले.

नागपूरहून आदिलाबादची बस हिंगणघाट, पांढरकवडा करत हायवेने जाते. रस्ता उत्तम आहे. बायकांना अर्धं तिकीट, पण ते पैनगंगेपर्यंतच. पलीकडे तेलंगण सुरू झालं की पूर्ण. दुर्बिणीची नळी मी मांडीवर धरली होती, कारण वर ठेवली तर कोणीतरी तिच्यावर पोतं ठेवणार हे मला दिसत होतं. शेजारच्या बाईंनी बराच वेळ निरखून विचारलं, बंब घेऊन चालल्या का. मी हो म्हटलं. खुलासा करत बसण्याची माझी मनःस्थिती नव्हती. मावशीशी काय बोलायचं आणि ती रागावली तर काय करायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

जैनथला जायचं असेल तर आदिलाबादच्या अलीकडे भोरजच्या फाट्यावर उतरा, तिथून ऑटो मिळतात. मला फाट्यावर एकटीने उभं राहायची भीती वाटली, म्हणून मी थेट आदिलाबाद गाठलं. त्यामुळे स्टँडसमोर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम इडली तरी मिळाली. जैनथच्या बसमध्ये सगळ्या बायका आधार कार्ड दाखवून फुकट जातात. मीही ऐटीत कार्ड काढलं. कंडक्टरबाईंनी नागपूरचा पत्ता वाचला, तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि अर्धी बस हसली. मी मुकाट्याने तिकीट घेतलं.

जैनथचं लक्ष्मीनारायणाचं जुनं दगडी देऊळ थांबून बघण्यासारखं आहे. मी मात्र बाहेरूनच हात जोडले, कारण गजू मोटरसायकल घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा बघून मला देवळात रमणं शक्य नव्हतं. गावापर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. बायका ओटी बांधून वेचत होत्या. हे बघायला लोकांनी मुद्दाम यावं, इतकं ते छान दिसतं. मी दुर्बीण सांभाळत होते.

मावशीने मला पोटाशी धरलं, पाणी दिलं आणि लगेच म्हणाली, "गजूनं बोलावलं ना तुले? मले मालूम आहे. जेव आधी." ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. काका खाटेवर बसून बिनतिखटाचं वरण जेवत होते आणि माझ्या ताटातल्या ठेच्याकडे बघत होते. बारीक झाले होते. घोट घेताना मध्येच थांबायचे, आणि ते थांबले की मावशीचा हात थांबायचा.

दुपारभर मी प्रयत्न केला. मावशी म्हणाली वेचणी चालू आहे, कोण पाहील. गजू म्हणाला मी आहे. मग ती म्हणाली गोळ्यांनी बरं वाटून राह्यलं. मग म्हणाली संक्रांतीनंतर पाहू. काऊन, असं काकांनी स्वतः विचारलं तेव्हा ती उठून गोठ्यात गेली. मला भलभलत्या शंका यायला लागल्या. डॉक्टर तिला काही वेगळं बोलले असतील का? तिलाच काही झालं आहे का? अंधार पडायची वाट बघण्यापलीकडे काही सुचेना.

ज्यांना फक्त तारा बघायचा आहे त्यांच्यासाठी: नोव्हेंबर-डिसेंबरात या, अमावास्येच्या आसपास. स्वेटर आणा, दव पडतं. टॉर्चला लाल कागद लावा, पण पायाखाली बघूनच चाला, कपाशीत साप असतात. जेवणाआधी, आठच्या सुमाराला, उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. लहान मूल काढतं तसं पाच ताऱ्यांचं घर दिसेल, पण उलटं, छपराचं टोक खाली असलेलं. त्या टोकावरचा नारिंगी ठिपका म्हणजे आपला तारा. दुर्बिणीतूनही तो ठिपकाच राहतो. ग्रह दिसणार नाही, तेव्हा निराश व्हायचं असेल तर घरूनच होऊन या.

मी अंगणात दुर्बीण लावली. खरा ध्रुव तिथून दिसत नव्हता. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम वर असतो आणि मावशीच्या अंगणात त्या बाजूला मोठा कडुनिंब आहे. निंबाच्या वर ते उलटं घर टांगलेलं होतं. मावशी पायरीवर येऊन बसली आणि मी काही म्हणायच्या आत तिने त्याच नारिंगी ताऱ्याकडे बोट केलं.

"माह्या ध्रुवाले पाहून राह्यली का?"

मी म्हटलं, मावशी, हा तुझा ध्रुव कसा? तेव्हा ती बोलायला लागली. लग्नात, पंगती उठल्यावर, भटजींनी नवरदेवाला सांगितलं, नवरीला ध्रुव दाखव. काकांनी बोट केलं ते या ताऱ्याकडे. भटजींनी दिसला का विचारलं की नवरीने दिसला म्हणायचं असतं, दिसो न दिसो. तिच्या बहिणींनी नुसतंच म्हटलं होतं. तिने मात्र खरंच पाहिला होता, उलट्या खोपटाच्या टोकावरचा, तांबूस. सासरी आली तेव्हा तिने तो ओळखून काढला. ओळखीचं तेवढंच होतं तिथे.

"पहिल्याच वर्षी समजलं मले," ती म्हणाली. "पहाटे पाणी तापवाले उठलो का तो खाली तुरीच्या आड गेलेला. उन्हाळ्यात तं संध्याकाळी दिसतच नाई. ध्रुव कदी ढळते का? कोणाले सांगू? आता ज्याचा ध्रुव जागेवर राहत नाई, त्याले मी छाती फाडाले कशी धाडू? वापस येईन का तो?"

ही बाई एवढी वर्षं, काका बाजाराला गेले आणि शेवटची गाडी चुकली की, हे मनात धरून दारात उभी राहिली होती. आणि मला उत्तर माहीत होतं, पण ते सांगायची भीती वाटत होती. तुला भलताच तारा दाखवला, असं सांगितलं की तिची काळजी जाणार होती की लग्नच मोडल्यासारखं वाटणार होतं, मला कळेना. सांगितलं शेवटी. खरा ध्रुव निंबाच्या आड आहे मावशी, हा तो नाही.

काका आतून भिंत धरत बाहेर आले होते आणि त्यांनी ऐकलं होतं.

"लग्नात तुह्या माहेरच्या गोठ्याच्या आड होता तो," काका म्हणाले. "भटजी म्हणे दाखव. मले जो दिसला तो दाखवला."

मावशी उठली आणि भाकरी टाकायला आत गेली. रात्री कोणी धड जेवलं नाही. मी अंथरुणावर पडून स्वतःला बोल लावत होते. गजूने ज्याच्यासाठी बोलावलं ते राहिलंच, वर म्हातारा-म्हातारीत हे लावून दिलं.

सकाळी मावशीने चहा माझ्या हातात दिला आणि समोर बसली. "त्या ताऱ्याचं सांग," म्हणाली. "माह्या."

मी सांगितलं. की तो सरकताना दिसतो कारण जमीन फिरते, आणि खरा ध्रुवही थोडासा फिरतोच, अगदी अढळ असं वर कोणी नाही. की हजारेक वर्षांनी ध्रुवाच्या जागेच्या जवळ हाच येणार आहे. की हा स्वतःही जरासा हलतो, ते मात्र वेगळं हलणं, त्याच्याभोवती कोणीतरी फिरतं म्हणून. शास्त्रज्ञ आधी म्हणाले ग्रह असावा, मग म्हणाले नसेल, ताऱ्याचाच काही गुण असेल, आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा तपासून म्हणाले, आहे.

"डॉक्टरवानीच," मावशी म्हणाली.

आणि एक सांगितलं. त्याचा उजेड इथे यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागतात. काल आपण पाहिला तो उजेड तिकडून तुमच्या लग्नाच्या सुमाराला निघालेला.

तिने कपातली साय बोटाने बाजूला केली. मग विचारलं, "त्याच्याभोवती जो फिरते, तो कोणाले दिसत नाई?"

"नाही."

"पण आहे."

"आहे."

"मंग मी बी येतो नागपूरले," मावशी म्हणाली. "ह्यायले एकटं नाई धाडत." मग आत वळून काकांना सांगितलं की स्वेटर काढा, तिकडे थंडी असते. काकांनी विचारलं, तिकडं हिच्या गच्चीवरून तो खरा ध्रुव दाखवू का तुले? तिने हात झटकला. "राहू द्या. आता नवीन नको."

परतीचा प्रवास गजूने ठरवलेल्या गाडीतून झाला. पांढरकवड्याला चहा चांगला मिळतो, थांबा. मी सगळ्या रस्त्यात काकांचा श्वास मोजत होते आणि मावशी माझ्याकडे बघत होती.

काका बरे आहेत, हे आता सांगून टाकते. माझ्या घरी, दिवाणावर, मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करताहेत. पण ऑपरेशनच्या संध्याकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. मावशीने मला विचारलं, उत्तर कोणत्या बाजूला आहे. आम्ही दवाखान्याच्या गच्चीवर गेलो. वर सगळा पिवळट धूसर उजेड, खाली गाड्यांचे हॉर्न. मी दिशा धरून उभी राहिले. माझ्या ओळखीचं उलटं घर शोधलं, पुन्हा शोधलं. एकही तारा नव्हता. मावशीला हे सांगायची भीती वाटली, म्हणून तो जिथे असायला हवा तिथे मी बोट केलं.

तिने माझ्या बोटाच्या रोखाने वर पाहिलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि भटजींनी विचारल्यासारखं म्हणाली, "दिसला."