मुशीचं काळीज

दुसऱ्याचे आवाज काढायची खोड मला शाळेपासूनची. बोईसरच्या रिक्षावाल्याची हिंदी, आमच्या कंपनीतल्या सुपरवायझरचं नाकातलं बोलणं, सरांचा खोकलासुद्धा. बाबांना सगळ्यात आवडायचा तो आमच्या बोटीच्या इंजिनाचा. घुरघुर करत सुरू होणार आणि सातपाटीची खाडी ओलांडायच्या आत बंद पडणार.

मग बाबांनाच अटॅक आला. वाचले, पण काळजाचा एक भाग मेला तो मेलाच. पालघरचे डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी झालंय, म्हणून पायांवर सूज येते आणि आडवं पडलं की दम लागतो. बाबांना ते लगेच कळलं. पाणी भरतंय, पंप उपसत नाय, एवढंच ना? त्यांना फक्त हे हवं होतं की नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर जाता येईल का. त्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइलवर शोधत बसायचो. तिथेच ते मूळपेशींचं सापडलं. लॅबमध्ये मूळपेशींपासून काळजाच्या नव्या पेशी वाढवतात. व्हिडिओत त्या काचेच्या बशीत आपल्या आपण धडधडत होत्या. छाती नाही, माणूस नाही, नुसती बशी. माझा उतरायचा नाकाच गेला मागे.

घरी आलो तेव्हा आई मुशी कापत होती, नुकतीच बोटीवरून आलेली. मुशी म्हणजे लहान शार्कच. बाबांनी मोबाइल लांब धरून व्हिडिओ बघितला आणि आईच्या ताटाकडे बोट केलं. कापून बाजूला टाकलेलं मुशीचं काळीज अजून उडत होतं.

"ते पण उडतंय," बाबा म्हणाले. "म्हणून मुशी परत पोवते काय?"

मी म्हटलं, तिला डॉक्टर नाय भेटला म्हणून. बाबा हसले, हसता हसता त्यांना दम लागला, आणि आईने आम्हा दोघांचा उद्धार केला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मोबाइल मागितला. ती बशी लाव म्हणाले. मग रोजच. शेवटी म्हणाले, इचार डाक्टरला.

विचारलं. बाबांचा ईसीजी आतल्या खोलीत चालला होता तेवढ्यात, मी आणि आईने. डॉक्टरांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, हसले नाहीत. म्हणाले, संशोधन चालू आहे, काही पेशंटवर करूनही बघतायत, पण मेलेला भाग खात्रीने परत चालतो असं अजून कोणी सांगू शकत नाही. ठोके बिघडायची भीती असते. कोणी पैसे घेऊन करतो म्हणाला तर जाऊ नका.

"तुमच्या बाबांसाठी ते आज माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

सातपाटीला जाताना रिक्षात बाबा मधे बसले, आई पलीकडे.

"काय बोलला? त्याच्या आवाजात सांग."

डॉक्टरांचा आवाज सोपा आहे. प्रत्येक वाक्यानंतर एक लांब 'हं'. मी घसा साफ केला. आईने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर बघायला लागली. माझ्या तोंडातून तो 'हं'सुद्धा निघेना.

म्हणून मी इंजिन सुरू केलं. घुरघुर, घुरघुर. नेहमी मी ते शेवटी बंद पाडतो, त्यालाच बाबा हसतात. त्या दिवशी बंद पाडायचा धीर झाला नाही. शिरगाव गेलं तरी माझं चालूच.

बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"बस कर पोरा. डिझेल संपंल."