धाकटीची अडीचकी

मी वर्गात सगळ्यांत मोठ्यानं पाढे म्हणायची, म्हणून मास्तरांना हुशार वाटायची. खरं सांगायचं तर अडीचकीत, म्हणजे अडीचच्या पाढ्यात, सातच्या पुढं मला काही येत नव्हतं. चाळीस पोरांच्या ओरडण्यात नुसते ओठ हलवले तरी खपून जायचं.

शाळा सुटायच्या आधी रोज परवचा व्हायचा. सगळे उभे राहून एका सुरात पाढे म्हणायचे. सूर चढला की माझी धाकटी बहीण कान दाबून बाहेर पळायची आणि लिंबाखाली जाऊन बसायची. काही विचारलं की नजर वळवायची. एका शनिवारी मास्तर मला म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आईला सांग, सोमवारी हिचं नाव काढतो."

शिरत होतं. मला पक्कं ठाऊक होतं, कारण घरी माझी गणितं तीच सोडवायची. पण मी मूग गिळून गप्प बसले. बोलले असते तर माझंच बिंग फुटलं असतं.

वडील पलटणीत, लढाईवर होते. घरात आत्याचं चालायचं. ती म्हणाली, "पोरगी येडी हाय. देवाचा अंगारा लावा." म्हणून रविवारी आई आम्हा दोघींना बैलगाडीनं म्हसवडला, सिद्धनाथाला घेऊन गेली.

आरतीला नगारा झडला आणि धाकटी किंचाळत सुटली. लोकांना वाटलं, अंगात आलं. कुणी तिला कुंकू लावलं. एका म्हातारीनं तर पाया पडून पाऊस कवा पडंल म्हणून विचारलं! माणदेशातली माणसं, दुसरं काय विचारणार? नगारा थांबला तशी धाकटी गप्प झाली आणि पायाखालच्या फरश्या मोजू लागली. आई नुसती बघत राहिली. अंगारा न लावताच तिनं गाडी जुंपायला लावली.

सोमवारी आई डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या दारात उभी. आमच्याकडच्या बायका तेव्हा शाळेची पायरी चढत नसत.

"आवं मास्तर, पोरीला येड न्हाई. तिला कालवा सोसत न्हाई. बाकीच्या पोरास्नी एकडाव गप बसवून बगा की."

मास्तर वैतागले, पण लढाईवरच्या माणसाच्या बायकोला नाही कसं म्हणणार? त्यांनी पोरांना बाहेर पिटाळलं; मी दाराशीच रेंगाळले. त्यांनी धाकटीला पाटी दिली आणि म्हणाले, "अडीचकी लिही."

पाटी भरली. तिनं ती उलटली आणि मागची बाजूही भरली.

"कुणी शिकवलं?"

"रोज ऐकते," ती पाटीकडं बघतच म्हणाली. "आक्का सातला थांबते."

मास्तरांनी दारातून माझ्याकडं पाहिलं. आईनंही.

"तुला ठावं व्हतं?"

मी मान डोलावली. आईनं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. तिनं वळून धाकटीची बोटं पदरानं पुसली.

धाकटीचं नाव राहिलं. परवच्याला तिनं लिंबाखाली बसून पाटीवर लिहावं, असं मास्तरांनी ठरवून दिलं.

त्या संध्याकाळी तिनं रोजच्यासारखी माझी पाटी गणितं सोडवायला ओढली. तिच्या मनात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. मी पाटी धरून ठेवली.

"नको. सातच्या पुढचं सांग."

"आठ अडीचकं वीस."

मी सवयीनं मोठ्यानं म्हटलं. तिनं कानांवर हात ठेवले, पण उठून गेली नाही.

मी आवाज खाली आणला.