बंद दारांची इटालियन गाडी

मेहुण्याने ती गाडी शहरातल्या एका जुन्या नवाबी घराण्याकडून घेतली. इटलीत बनलेली, दोन दारांची, मागे उतरत जाणाऱ्या छपराची. तिच्या काळी तिची शान असेल. आमच्याकडे आली तेव्हा आतल्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मेहुण्याला तिला शर्यतीची गाडी करायची होती, मद्रासजवळच्या जुन्या धावपट्टीवर पळवायला. त्याच्याकडे जागा नव्हती, म्हणून ती पुंडलिकनगरात, माझ्या भाड्याच्या घराच्या आवारात आली.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मापं घेणं हेच माझं काम. आवार अरुंद होतं आणि घरमालकांची वाट मोकळी राहायला हवी होती. म्हणून मी टेप लावून गाडी भिंतीला अगदी खेटून उभी करवली. एका बाजूचं दार आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर अंतर राहिलं.

शर्यतीची गाडी हलकी हवी आणि मजबूतही. मागची सीट, गालिचे, काचा, काचा खालीवर करायची यंत्रं सगळं निघालं. निघालेली प्रत्येक वस्तू मी ताणकाट्यावर तोलायचो. मग आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवायचं ठरलं, गाडी उलटली तरी चालवणारा चेपू नये म्हणून. ते काम आमच्याच कारखान्यातल्या वेल्डरने घेतलं. विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच राहायचे. सुट्टीच्या दिवशी तो सायकलवर यायचा. ठिणग्यांच्या उजेडाने पोरांचे डोळे जातील अशी मालकीणबाईंची तक्रार होती, म्हणून गाडीवर ताडपत्री टाकून तो आत काम करायचा.

त्या दिवशी सकाळी त्याने दोन्ही दारं चौकटीला वेल्ड करून कायमची बंद केली. त्यामुळे गाडीचा सांगाडा ताठ राहतो. आता ये-जा करायची ती आवाराकडच्या एकाच खिडकीतून. दुपारी पिंजऱ्याचा शेवटचा जोड राहिला असताना लाइट गेली. लाइट येईपर्यंत तो आतच आडवा झाला. मेहुणा जेवायला घरी गेला होता.

तेवढ्यात सकाळपासून बाहेर गेलेले घरमालक परतले, खुर्ची घेऊन आले आणि गाडीपाशीच, सावलीत, त्या खिडकीसमोर बसले.

"बरं झालं, तो तुमचा वेल्डर आज आला नाय," ते म्हणाले. "संध्याकाळपासून संचारबंदी लागतीय. विद्यापीठाकडं आत्ताच रस्ते अडवायलेत."

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कारखान्यातही जेवणाचे डबे दोन वेगळ्या टेबलांवर उघडले जाऊ लागले होते. घरमालक नात्यातले नसले तरी आमच्याच जातीचे, शेतीवाडी असलेले. त्यांनी घर देताना तेवढंच विचारलं होतं. ते बोलत राहिले. विद्यापीठाच्या नावाबद्दल बोलले, मग वस्त्यांबद्दल, मग रांजणाबद्दल. वेल्डर आमच्या रांजणातून स्वतःच्या हाताने पाणी घेतो, हे मालकीणबाईंनी पाहिलं होतं. ज्या फाटकातून घरमालक रोज जात-येत होते, त्याची मोडलेली बिजागरी गेल्याच महिन्यात त्याच वेल्डरने जोडून दिली होती. तेही मला आठवत होतं आणि जीभ उचलत नव्हती.

ताडपत्री तापली होती. तिच्याखालून आवाज नव्हता. मी एकच हिशेब करत होतो. त्याला अख्खं शहर ओलांडून आईपर्यंत जायचं होतं, आणि घरमालक उठेपर्यंत त्याला बाहेर पडता येणार नव्हतं. घरमालकांनी तर पाय लांब केले होते.

बायको चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते, आणि तिन्ही एकाच सेटमधले.

"तिसरा कुणाला?" घरमालकांनी विचारलं.

तिने ताडपत्रीचं टोक वर केलं, कप बॉनेटवर ठेवला आणि म्हणाली, "मिस्त्री, चहा निवतोय. घ्या आणि लवकर निघा, आई वाट बघत असतील."

आधी पाय बाहेर आले, मग कंबर. खांदे अडकले. अर्ध्यावर थांबून म्हणाला, "काका, खुर्ची मागं घ्या जरा. दुसरीकडून वाट नाय."

घरमालकांनी खुर्ची मागे घेतली. खांदे तिरके करून तो बाहेर आला. वेल्डरने उभ्यानेच सगळा चहा संपवला, ताडपत्रीखालून सायकल काढली आणि गेला. फाटक त्याने लावून घेतलं.

"ठाऊक होतं तुम्हाला?" घरमालकांनी मला विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी महिनाअखेर घर सोडायला सांगितलं.

तो पोचला की नाही, हे संचारबंदी उठून कारखाना सुरू होईपर्यंत कळलं नाही. वीतभर जागेत श्वास घ्यावा तसे ते दिवस गेले. मग तो पाळीवर दिसला. म्हणाला, "आई बरी हाय. जोड राहिलाय, येतो मी."

त्याला यायला जमेपर्यंत महिना संपला होता आणि गाडी टेम्पोतून आमच्या नव्या जागेत गेली होती. तिथेही आवार लहानच, पण मी ती चारी बाजूंनी मोकळी ठेवली होती. तो आला, पण पिंजऱ्याला हात लावायच्या आधी ग्राइंडर घेऊन त्याने दोन्ही दारांचे वेल्ड कापायला घेतले. मेहुणा वैतागला. गाडीचा ताठपणा जाईल, सगळी मेहनत वाया, असं म्हणू लागला.

"शेवटचा जोड आत बसून मारायचाय," वेल्डर म्हणाला. "दार उघडत असंल तरच बसतो."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी ग्राइंडरची वायर ओढून वेल्डरच्या हाताशी दिली.