ब्रेंडाचं गुंतवळ

म्यूरिएलला हा नाद लागला तो नवरा गेल्यावर. इंग्लंडातल्या त्यांच्या स्किप्टन गावच्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीच्या बायकांचे फोटो मांडले होते. कपाळावरून उंच उठलेला केसांचा फुगा, माथ्यावर अंबाडा आणि त्यावर ताटाएवढी हॅट. शाळेच्या स्वयंपाकघरात केसांना जाळी लावून उभा जन्म काढलेली ही बाई त्या फोटोंसमोरून हलेना. घरी आली ती हे आपल्याला जमलंच पाहिजे असं ठरवून.

तिचे स्वतःचे केस जेमतेम मानेपर्यंत. शेजारच्या ब्रेंडाचे मात्र कमरेपर्यंत होते. पांढरे, विरळ झालेले, पण लांब.

"माझ्या डोक्यावर घरटं बांधणार आहेस की काय?" ब्रेंडाने विचारलं.

"बांधलं तर अंडी तूच घालायचीस. बस गप."

मग दर शनिवारी चहा झाला की ब्रेंडा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायची. फुगा उभा राहायला आत उशी लागते, आणि त्या काळच्या बायका ती आपल्याच गळलेल्या केसांची करत. तेव्हापासून ब्रेंडाने विंचरताना निघालेलं गुंतवळ टाकलं नाही. बिस्किटांच्या डब्यात साठवून आणून द्यायची. म्यूरिएलने ते जुन्या जाळीत भरून लांबट गुंडाळी शिवली. सुरुवातीला फुगा एका कानावर कलायचा, आकडे सटकायचे, दोघी हसून बेजार व्हायच्या. एका शनिवारी तो नीट बसला. ब्रेंडा बराच वेळ आरशात बघत राहिली.

"माझ्या लग्नातही कुणी माझ्यावर एवढा वेळ घालवला नव्हता," ती म्हणाली, आणि तशीच पाव आणायला दुकानात गेली.

वसंतातल्या जत्रेत चर्चच्या सभागृहात हे करून दाखवाल का, अशी म्यूरिएलला विचारणा झाली. ब्रेंडाने निळ्या ब्लाउजच्या कॉलरला खळ घातली. जत्रेच्या आदल्या दिवशी म्यूरिएल कुंपणापाशी आली.

"स्टेजवर दाट केस हवेत गं. बेकरीवाल्यांची जेम्मा बसेल. शिवाय तासभर बसून तुझी पाठ धरेल."

"धरेल खरी," ब्रेंडा म्हणाली.

जेम्माचे केस झकास बसले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतली ब्रेंडा नंतर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आतली उशी माझीच ना?"

"तुझीच."

"बाहेरून कळत नाही. छान लपवलीस."

पुढच्या शनिवारी ब्रेंडा आली ती केस कानापर्यंत कापून. "मानेला हलकं वाटतं," एवढंच म्हणाली. म्यूरिएलने चहा ओतला, आल्याच्या केकचा तुकडा कापला आणि हवापाण्याच्या गप्पा काढल्या. माफी ओठांवर यायची आणि तिथूनच मागे फिरायची. ब्रेंडा येत राहिली, पण खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसू लागली.

शरद ऋतूत ती कार्डिफला, मुलाकडे कायमची राहायला निघाली. सामान गाडीत चढलं तेव्हा म्यूरिएलने एकदाचा धीर केला.

"ब्रेंडा, त्या दिवशी तुलाच बसवायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ब्रेंडा म्हणाली. तिने म्यूरिएलला मिठी मारली, गाडीत बसली आणि पट्टा लावून घेतला.

पुढच्या वर्षी जत्रेसाठी पुन्हा विचारणा झाली. म्यूरिएलने खांद्याचं दुखणं पुढे केलं. खांद्याला तिच्या काहीही झालेलं नव्हतं.