बाबांची बारा बोर

बाबा भाद्रपदात गेले आणि हिवाळ्यात निवडणुका लागल्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. शिपाई यादी घेऊन हिवरखेडला आमच्या घरी आला, तेव्हा दादानं बाबा गेल्याचं सांगितलं. "मंग वारसानं आनून द्या," तो म्हणाला, "परवान्याचं पुस्तक बी आना." दादानं मला फोन केला. मी अकोल्यात जठारपेठेत राहते, जिल्हा कोर्टात वकिली करते. घरातलं कागदपत्रांचं काम माझ्याकडेच येतं.

बंदूक म्हणजे एकनळी बारा बोर. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात, त्यांना पळवायला आजोबांनी परवाना काढला होता. पुढे तो बाबांच्या नावावर झाला. बाबा हवेत बार काढायचे, तेवढंच. एरवी ती मधल्या खोलीत खुंटीवर, खाकी खोळीत टांगलेली असायची. खोळ नवी दिसली तेव्हा जुनी फाटली असेल असं दादाला वाटलं होतं.

त्या सकाळी आई दोनदा म्हणाली, "आज नोका जाऊ. काही घाई आहे काय?" मला वाटलं, बाबांची वस्तू घराबाहेर चालली म्हणून तिचा जीव तुटतोय. दादानं खोळ खांद्याला लावली. वजन बंदुकीएवढंच होतं.

ठाण्यात हवालदारानं पुस्तकातला नंबर मोठ्यानं वाचला. "नळीवरचा नंबर मिळवून पाहा लागते," म्हणत त्यानं खोळीची शिवण ब्लेडनं उसवली. टेबलावर पडला तो बोअरवेलचा गंजका लोखंडी पाइप. त्याला फावड्याचा दांडा सुतळीनं घट्ट बांधलेला.

हवालदार आधी हसला. "ताई, हे काय आनलं?" मग आमची तोंडं पाहून त्याचं हसू गेलं. "बंदूक कुठी आहे?"

दादा तो पाइप हातात घेऊन उलटसुलट बघत होता, जणू आत कुठेतरी बंदूक असेल. मी आईला फोन लावला. खोळीतून पाइप निघाल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, "तुमी घरी या. मी सांगतो."

ठाणेदारांनी हवालदाराला आमच्याबरोबर धाडलं. आई ओसरीवर बसूनच होती, डोक्यावर पदर घेऊन.

संक्रांतीनंतर बाबा बंदुकीचा चाप दुरुस्त करायला परतवाड्याला गेले होते. येताना शेअर जीप खचाखच भरलेली. ड्रायव्हरनं बंदूक खोळीसकट वरच्या कॅरिअरवर पोत्यांच्या मधात ठेवली. अकोटला उतरून पाहतात तर पोती होती, बंदूक नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, मले काय माईत, आणि जीप घेऊन निघून गेला.

"सांजेपर्यंत स्टँडवर बसून होते," आई सांगत होती. "ठान्याच्या फाटकापर्यंत दोनदा गेले अन् वापस आले. घरी येऊन मले म्हनते, लेक वकील आहे, तिच्या बापाची बंदूक हरवली म्हनून पेपरात आलं त् तिचं काय होईन? खोळ मीच शिवली. पाइप त्याईनं बांधला."

"मला काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"सांगाले गेलते ना तुयाकडे. अकोल्याले. डोळे दाखवाच्या निमितानं."

मला एकदम आठवलं. मी फाइलीत डोकं घालून बसले होते. बाबा समोरच्या खुर्चीत चहा पीत होते. त्यांनी विचारलं होतं, "एखाद्याची बंदूक हरवली त् काय होते गं?" मला वाटलं, गावातल्या कोणाची भानगड असेल. मान वर न करता मी म्हणाले होते, "जेल होते, दुसरं काय." खरं तर ताबडतोब कळवलं असतं तर काही झालं नसतं. न कळवणं हा गुन्हा. हे मला माहीत होतं. एक वाक्य जास्तीचं बोलायचं होतं फक्त. बाबांनी कप खाली ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले.

त्याच दुपारी मी माझ्या हातानं तक्रार लिहिली. बंदुकीचा नंबर, कंपनी, दस्त्यावर बाबांनी ठोकलेली पितळी पट्टी, जीप, सगळं. लिहिताना मी वकील नव्हतेच. ठाणेदारांनी नंबर आजूबाजूच्या जिल्ह्यांत कळवला. मला वाटलं, आता वर्षानुवर्षं काही येणार नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "बंदूक आहे. तिकडं मेळघाटच्या पायथ्याशी एका ठाण्याच्या मालखान्यात पडून आहे. तुम्ही आईंना घेऊन ओळखायला जा." मग म्हणाले, "ताई, त्या बंदुकीनं एका बाईला लागलेलं आहे."

चाप दुरुस्त झाला होता, हेच पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

त्या ठाण्यात बंदूक टेबलावर ठेवली. नळीवरचा नंबर कानशीनं घासून टाकलेला. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी लाकूड काढून आतल्या बाजूला कोरलेला नंबर दाखवला. आमच्या पुस्तकातलाच. आईनं पितळी पट्टीवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या एका बाईच्या पायात छर्रे घुसले होते. बंदूक जवळच्या नाल्यात पडलेली सापडली. "आतला नंबर आम्हाला तेव्हाच सापडला," अधिकारी म्हणाले. "पण बंदूक जुनी, कॉम्प्युटरात नाही. अन् कोणत्याच ठाण्यात हरवल्याची तक्रार नाही. नाव कुठून काढाचं?"

"मग तपास?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिच्या नवऱ्यावर संशय होता. जंगलात त्याच्याआधी कोणी पोचलंच नव्हतं. तीन महिने आत होता. जामिनावर सुटला आहे."

आई खाली बसली. खुर्ची होती, तरी फरशीवरच बसली.

आमच्या जबाबानंतर मात्र गोष्टी भराभर हलल्या. जीपच्या ड्रायव्हरला उचललं. त्यानं बंदूक कोणाला विकली ते सांगितलं, आणि बार काढून ती नाल्यात फेकणारे दोन शिकारी सापडले. त्या बाईच्या नवऱ्याचं नाव केसमधून वगळलं गेलं. बाबा हयात नसल्यानं त्यांच्यावर कारवाईचा प्रश्न उरला नाही. बंदूक मुद्देमाल म्हणून तिथंच राहील. दादानं परवाना परत केला. बगीच्याला आता झटका मशीनच्या तारा आहेत.

साक्षीच्या दिवशी ती बाई आणि तिचा नवरा कोर्टात आले होते. ती जिना चढताना एक पाय आधी वर ठेवायची आणि दुसरा हातानं उचलल्यासारखा ओढून घ्यायची. आईनं पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, खोळ शिवली तेही. बाहेर आल्यावर ती थेट त्या दोघांकडे गेली.

"बापू, आमाच्यानं लई चुकलं," ती त्या माणसाला म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण ओळखीनंही नाही. "तीन महिन्यांत माह्या घरचे दोन बैल गेले," तो म्हणाला. "लोकं आजबी म्हनतात, यानंच गोळी मारली बायकोले." मग बायकोच्या हातातली पिशवी त्यानं आपल्याकडे घेतली. "चाल, गाडी निंघून जाईन."

ती दोघं फाटकाकडे चालू लागली. बायकोसाठी तो दर चार पावलांवर थांबत होता. आई हात जोडून उभीच होती. मी तिच्या बाजूला होते, वकिलाचा पांढरा बँड गळ्यात तसाच, आणि ती दोघं रस्ता ओलांडेपर्यंत मला तिचे हात खाली घेववले नाहीत.