अक्काच्या वाट्याचं गोड पाणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात एका गालाची दाढी करून आरशापुढे उभा होतो. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे. तसाच तिच्या गावी, मुक्ताईनगरला निघालो... माझी ही थोरली बहीण आज असती तर म्हणाली असती, "नाना, तुले एक काम पुरं करता येत नाही."

खरंच आहे. गेल्या वर्षी जळगावला तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या तरुण मॅडमनी मला गोड पावडरची पुडी दिली. सकाळी सहाला पाण्यात कालवून पाजा, तहान लागत नाही, नंतर उलट्याही कमी होतात; दूध मात्र नको. पण वॉर्डात जुनी पाटी: 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही.' मी निवृत्त मास्तर, भिंतीवरचं लिहिलेलं खरं मानण्यात हयात गेलेली. सहाला पाणी कालवलं, पाटी वाचली, कोणाला विचारलं नाही, आणि वाया कशाला घालवायचं म्हणून अक्कादेखत मीच पिऊन टाकलं.

आठचं ऑपरेशन दोनवर गेलं. का, ते सांगायलाही कोणी फिरकलं नाही. जन्मभर केळीच्या बागेत राबलेली बाई कोरड्या ओठांनी म्हणत होती, "घोटभर पानी दे ना रे," आणि मी पाटीकडे बोट दाखवत होतो. संध्याकाळपासून उलट्या. पोटात काही नसताना दुसऱ्या दुपारपर्यंत ती ट्रे धरून बसलेली. मॅडमनी विचारलं, "गोड पाणी घेतलं होतं ना?" मी तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाली, "घेतलं. नानानंच कालवलं." फाइलमध्ये तसंच लिहिलं गेलं.

उलट्या ते पाणी न दिल्यामुळेच झाल्या, असं खात्रीनं कोणी सांगत नाही. मीही म्हणत नाही. पण तहान तर टळली असती. डॉक्टर एक सांगतात, भिंत दुसरंच सांगते, मधे माणूस सुकतो, आणि या निष्काळजीपणाला शिस्त म्हणतात. दशक्रियेनंतर ती पाटी काढायला लावायची म्हणून तावातावानं दवाखान्यात गेलो. पाटी तिथंच. कारकुनानं फाइल काढली. "मास्तर, यात तर घेतलं लिहिलंय." माझी अब्रू वाचवताना अक्कानं पाटीचीही वाचवून ठेवली होती.

ऑपरेशननंतर मी कधीही गेलो की दारातच काठोकाठ भरलेला तांब्या पुढे यायचा. "पी बापा, इथं पाटी नाही." परवा तिच्या सूनबाईनं तोच तांब्या दिला. समोर भिंतीवर अक्काचा हार घातलेला फोटो... तांब्या धरून मी किती तरी वेळ त्या भिंतीच्या परवानगीची वाट पाहत उभा होतो.